कानापासून अंतःकरणापर्यंत

(शास्त्रवाचन : योहान ४:३९–४२, रोमकरांस पत्र १०:१४–१७)



शोमरोन प्रांतांतील सूखार गांवची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. भर दुपारीं पाण्यास आलेली एक स्त्री, याकोबाच्या विहिरीपाशीं बसलेला थकलेला प्रभु, पाण्यावरून निघालेलें बोलणें, आणि शेवटीं घागर तेथेंच टाकून गांवाकडे गेलेली ती बाई, हें चित्र शब्बाथशाळेंतील लहान मुलेंही डोळ्यांपुढें उभें करितात. परंतु या गोष्टीचा जो शेवट योहानानें लिहून ठेविला आहे, त्याकडे आमचें लक्ष फारसें जात नाहीं. बाईच्या सांगण्यावरून गांवचीं पुष्कळ माणसें प्रभूकडे आलीं. त्यांनीं त्यास आपल्याकडे राहण्याची विनंति केली, आणि तो दोन दिवस त्यांच्यामध्यें राहिला. त्यानंतर त्यांनीं त्या बाईस जें सांगितलें त्याचा भावार्थ असा कीं, आतां आमचा विश्वास तुझ्या बोलण्यावर टेकलेला नाहीं. आम्हीं स्वतः त्याचें ऐकिलें आहे, आणि हाच जगाचा तारणारा आहे हें आम्हांस कळून आलें आहे.

या शेवटांत दोन प्रकारचें ऐकणें सांगितलें आहे. पहिलें, दुसऱ्याच्या तोंडून ख्रिस्ताविषयीं ऐकणें; दुसरें, ख्रिस्ताचें स्वतः ऐकणें. पहिलें ऐकणें ही विश्वासाची वेस होय, दुसरें ऐकणें हें विश्वासाचें घर होय. वेशींतून आंत आल्यावांचून कोणास घर लाभत नाहीं. पण वेशींतच बसून राहणाऱ्यासही घर लाभत नाहीं. आज आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत वेशींत बसून राहिलेलीं माणसें थोडीं नाहींत. त्यांच्या आजोबांनीं बाप्तिस्मा घेतला, बापानें उपासनेची जागा बांधावयास दगडमाती वाहिली, आणि त्यांचीं नांवें मंडळीच्या पुस्तकांत लिहिलेलीं आहेत. वचन त्यांच्या कानांवरून दर रविवारीं जातें. तथापि, "ख्रिस्त तुझा कोण?" असें कोणीं एकांतांत विचारिलें तर ते आजोबांचें नांव सांगतात. म्हणून वचन कानापासून अंतःकरणापर्यंत कसें जातें, याचा आज थोडा विचार करूं.

१. विश्वास ऐकण्यानें होतो

रोमकरांस लिहितांना पौलानें एकांत एक गुंतलेल्या कड्यांची साखळी आपणांपुढें ठेविली आहे. प्रभूचा धांवा करावयाचा तर आधीं त्यावर विश्वास पाहिजे. विश्वास ठेवावयाचा तर आधीं त्याविषयीं ऐकिलें पाहिजे. ऐकावयाचें तर कोणीतरी सांगणारा पाहिजे. आणि सांगणारा जाईल तर तो कोणीतरी पाठविलेला पाहिजे. या साखळींतील मधली कडी ऐकणें ही होय. ती तुटली तर पाठविणाऱ्याचें पाठविणें व सांगणाऱ्याचें सांगणें हीं दोन्ही वायां जातात.

देवानें विश्वासासाठीं कानाचा मार्ग कां निवडिला असावा? आम्हांस असें वाटतें कीं, डोळा माणसाचें बाहेरचें रूप पाहतो, पण त्याच्या मनांत काय आहे तें तो बोलल्यावांचून कळत नाहीं. शेजाऱ्याच्या मनांत आपणांविषयीं राग आहे कीं लोभ आहे, हें त्याच्या घराच्या भिंतीकडे पाहून कोणास समजेल? आकाश, डोंगर, पीकपाणी यांवरून देव आहे आणि तो समर्थ आहे इतकें दिसतें. परंतु तो माझ्या पापांची क्षमा करितो काय, आणि त्यासाठीं त्यानें काय केलें आहे, हें त्यानेंच सांगितलें पाहिजे. तें त्यानें सांगितलें आहे. म्हणून विश्वास हा आपल्या डोक्यांतून काढिलेला विचार नव्हे. तो कोणाच्या तरी शब्दाला दिलेला होकार आहे.

यांत अक्षरओळख नसलेल्या बंधुभगिनींस मोठें समाधान आहे. आमच्या मंडळ्यांतील कित्येक वृद्ध माताभगिनी आजही म्हणतात, "आम्हां अडाण्यांना काय कळणार? शास्त्र वाचणारांचें काम!" बायांनो, पहिल्या मंडळ्यांत छापील पुस्तक एकही नव्हतें. पुस्तकें हातानें लिहीत व तीं फार महाग असत. एकानें वाचावें आणि सर्वांनीं ऐकावें, हीच तेव्हांची रीत होती. थेस्सलनीकाच्या मंडळीस लिहिलेलें पत्र सर्व बंधूंस वाचून दाखवावें, अशी पौलाची निक्षून आज्ञा आहे. आपल्या मराठी भाषेंतही नवा करार श्रीरामपूर येथें १८११ सालीं छापून निघाला, व अमेरिकन मिशनऱ्यांनीं मुंबईस केलेलें भाषांतर १८२६ सालीं प्रसिद्ध झालें. पण तीं पुस्तकें वाचूं शकणारे लोक खेड्यांत किती असणार? खेड्यांत वचन पोहोंचलें तें बहुतकरून आवाजावर बसून पोहोंचलें. झाडाखालीं उभें राहून वाचणाऱ्या उपदेशकाच्या तोंडून, ओसरीवर बसलेल्या बायबलबाईच्या तोंडून, आणि कीर्तनाच्या द्वारें तें कानीं पडलें. नगरच्या बाजूस कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनाचा जो पाया घातला, तो या कानाच्या मार्गाची खूण ओळखूनच घातला.

पूर्वी खेड्यांत मुंबईच्या गिरणींत कामास गेलेल्या मुलाचें पत्र आलें म्हणजे काय होई, तें जुन्या माणसांस आठवत असेल. आई निरक्षर. ती पत्र घेऊन शाळेंतल्या मास्तरांकडे जाई व उंबऱ्यापाशीं बसून ऐके. एकदां वाचून झालें कीं, "पुन्हां वाचा, मास्तर," म्हणे. "साष्टांग नमस्कार" या शब्दावर तिचे डोळे भरून येत. वाचणारा मास्तर, पण पत्र कोणाचें? आईचें. अक्षरें एकासही न ओळखणारी ती बाई त्या पत्राचा जितका अर्थ जाणी, तितका वाचणारा मास्तर जाणीत नसे. तेव्हां वाचतां येणें ही चांगली गोष्ट आहे, आणि आमच्या मुलामुलींनीं ती अवश्य साधावी. परंतु वचन आपलें होणें ही गोष्ट अक्षरांवर अवलंबून नाहीं. हें पत्र आपल्या नांवाचें आहे, हें ज्यास कळलें त्यानें तें खरोखर ऐकिलें.

२. ऐकूनही न ऐकणें

मग वचन इतक्यांच्या कानीं पडत असतां विश्वास थोड्यांचाच कां दिसतो? इब्री लोकांस पत्र लिहिणारा याचें कारण सांगतो कीं, पूर्वजांनीं सुवार्ता ऐकिली, पण ऐकिलेल्या वचनाशीं त्यांचा विश्वास मिसळला नाहीं, म्हणून तें त्यांस लाभलें नाहीं. शेतकऱ्यास हें निराळें समजावून सांगणें नको. पाऊस पडला म्हणजे पीक आलें असें नाहीं. तो खडकावर पडला तर वाहून जातो. जमिनींत मुरला तरच त्याचा उपयोग. एकाच नक्षत्राचा पाऊस एका बांधाच्या दोन्ही अंगांस पडतो, आणि एका अंगास हिरवें दिसतें तर दुसऱ्या अंगास मुरूम उघडा पडतो. दोष पावसाचा नव्हे.

वचन न मुरण्याचीं कारणें पुष्कळ आहेत; त्यांतील तीन आमच्या मंडळ्यांत विशेष दिसतात.

पहिलें कारण संवय. उधळ्या पुत्राची गोष्ट सुरू झाली कीं ऐकणारा मनांत म्हणतो, "ही मला पाठ आहे." जें पाठ आहे तें आंत आहे असें त्यास वाटतें. परंतु पाठ होणें हें जिभेचें काम आहे आणि मानणें हें अंतःकरणाचें काम आहे. गोष्ट ठाऊक असलेला मुलगा अजून दूरदेशींच असूं शकतो.

दुसरें कारण असें कीं, आम्ही पुष्कळदां दुसऱ्यांसाठीं ऐकतों. लोभाविषयीं उपदेश चालला कीं सावकारी करणाऱ्या शेजाऱ्याकडे डोळे वळतात; जिभेविषयीं चालला कीं सासूस सून आठवते आणि सुनेस सासू. अशा रीतीनें वचनाचा प्रत्येक दाणा आम्ही हातोहात पलीकडच्या शेतांत फेंकितों, आणि आपलें शेत रिकामें ठेवून घरीं जातों.

तिसरें कारण विलंब. वचन लागलें, मन हललें, डोळे ओले झाले; पण "सुगी होऊं दे, लेकीचें लग्न होऊं दे, मग पाहूं," असें म्हणून माणूस उठतो. फेलिक्स सुभेदारानें पौलाचें बोलणें ऐकून भय मानिलें, आणि सोयीचा वेळ मिळाल्यावर तुला बोलावीन असें म्हणून त्यास परत पाठविलें. त्यानें पुढें पौलास अनेक वेळां बोलाविलें, परंतु पैशाच्या आशेनें बोलाविलें. त्यानें विश्वास ठेविला असें शास्त्रांत कोठेंही लिहिलेलें नाहीं.

३. एका थोर स्त्रीची साक्ष

वचन कानांतून अंतःकरणांत जाण्यास किती वाट चालावी लागते, हें पंडिता रमाबाई यांच्या चरित्रांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच दुसरीकडे दिसेल. त्यांनीं आपली साक्ष स्वतः लिहून ठेविली आहे. तिच्या आधारें हा इतिहास थोडक्यांत सांगतों.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें तें मुलीस तोंडीं शिकविलें. हजारों श्लोक रमाबाईंनीं ऐकून ऐकून मुखोद्गत केले. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं हिंडून पुराणें वाचीत असे. त्या वाचनाविषयीं रमाबाई सांगतात कीं, वाचन संस्कृतांत चाले, ऐकणारांस अर्थ कळे असें नाहीं, आणि तो कळण्याची जरूरीही कोणास वाटत नसे. नुसतें कानीं पडल्यानें पुण्य लाभतें अशी श्रद्धा असे. हें आम्ही कोणास हिणवावें म्हणून लिहीत नाहीं. आमच्यांतही अर्थाकडे लक्ष न देतां, "आज उपासनेस बसलों, चला, एक रविवार पदरीं पडला," असें समाधान मानणारे लोक आहेत. पुस्तक बदललें तरी ऐकण्याची रीत बदलली नाहीं, तर लाभ काय?

१८७४ च्या सुमारास दुष्काळांत रमाबाईंचे आईबाप निवर्तले. पुढें बहीणही गेली. भावासह पायीं देश तुडवीत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचल्या. तेथें ख्रिस्ती लोकांच्या एका मेळ्यांत त्यांनीं पहिल्यानें प्रार्थना पाहिली. लोक खुर्च्यांपुढें गुडघे टेंकीत होते. त्यावरून हे खुर्च्यांचीच पूजा करितात कीं काय, असें त्यांस वाटलें. तेथेंच त्यांस संस्कृत भाषेंतील पवित्र शास्त्र भेट मिळालें. त्यांनीं तें उघडून पाहिलें, परंतु त्याची भाषा त्यांच्या ओळखीच्या संस्कृत ग्रंथांहून इतकी निराळी वाटली कीं त्यांचें मन त्यांत रमलें नाहीं. तरी तें पुस्तक त्यांनीं कधीं टाकून दिलें नाहीं.

पुढें विवाह होऊन त्या आसामाकडील सिलचर येथें राहिल्या. तेथें घरांतल्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची एक लहान बंगाली प्रत त्यांस सांपडली. ती तेथें कशी आली हें त्यांसही ठाऊक नव्हतें. ती त्यांनीं आवडीनें वाचिली. १८८२ सालीं पति निवर्तल्यावर त्या पुण्यास आल्या. तेथें मराठी नव्या कराराचें शिक्षण त्यांनीं घेतलें. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. तेथें वाटेवरून घसरलेल्या स्त्रियांची सेवा ख्रिस्ती भगिनी प्रेमानें करितात हें पाहून त्यांनीं विचारिलें कीं, अशा स्त्रियांची इतकी काळजी तुम्हीं कां करावी? तेव्हां एका भगिनीनें त्यांस योहानाचा चौथा अध्याय काढून दाखविला, आणि शोमरोनी स्त्रीशीं ख्रिस्ताचें झालेलें संभाषण समजावून दिलें. ज्या अध्यायाचा आज आपण विचार करीत आहों तोच हा अध्याय. त्या वचनानें रमाबाईंची खात्री झाली कीं, स्त्रियांस व पतितांस उचलून घेणारा असा दुसरा कोणी नाहीं. त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं त्यांनीं वाँटेज येथें आपल्या लहान मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

वाचकहो, पुष्कळांस वाटेल कीं येथें गोष्ट संपली. रमाबाई तसें म्हणत नाहींत. बाप्तिस्म्यास सुमारें आठ वर्षें झालीं. मुंबईस व पुढें पुण्यास शारदासदन चालूं लागलें. त्यांचें नांव देशोदेशीं झालें. आणि तेव्हां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, आपणांस ख्रिस्ताचा धर्म सांपडला, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो सांपडला नाहीं. या वेळीं विल्यम हॅस्लम नांवाच्या एका इंग्रज पाळकाचें आत्मवृत्त त्यांच्या वाचनांत आलें. हे हॅस्लमसाहेब कॉर्नवॉल प्रांतांत बाल्डू या गांवीं पाळक होते. अनेक वर्षें उपदेश केल्यानंतर १८५१ सालीं एके रविवारीं, ख्रिस्ताविषयीं तुम्हांस काय वाटतें, या प्रभूच्या प्रश्नावर ते बोलत असतां त्या प्रश्नाचें उत्तर आपल्यापाशींच नाहीं हें त्यांस उमगलें, आणि व्यासपीठावर उभे असतांनाच त्यांचा जीव प्रभूकडे वळला. इतरांस वचन ऐकविणाऱ्यानें त्या दिवशीं तें पहिल्यानें स्वतः ऐकिलें. हें वाचून रमाबाई अंतर्मुख झाल्या, आणि जशा होत्या तशा, कांहीं पुण्य हातीं न घेतां, त्यांनीं आपणांस ख्रिस्ताच्या स्वाधीन केलें.

कलकत्त्याच्या त्या पहिल्या पुस्तकापासून या दिवसापर्यंत तेरा वर्षें लागलीं. संस्कृत ग्रंथ देणाऱ्यानें पेरिलें. सिलचरांत लूककृत शुभवर्तमान ज्यानें ठेविलें त्यानें पेरिलें. पुण्यास शिकविणाऱ्यांनीं पाणी घातलें. वाँटेजच्या भगिनींनीं निगा राखिली. आणि वाढविलें देवानें. यांतील कित्येकांस आपल्या पेरणीचें पीक कधीं दिसलेंही नसेल.

आणि पुढें रमाबाईंनीं काय केलें तें पाहा. केडगांवच्या मुक्तिसदनांत शेंकडों निराश्रित स्त्रिया व मुली जमल्या, त्यांत खेड्यांतून आलेल्या निरक्षर बायाच पुष्कळ. त्यांस वचन समजावें म्हणून रमाबाईंनीं उतारवयांत इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सर्व पवित्र शास्त्र सोप्या मराठींत आणिलें. तें काम उरकून ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या; मुक्तीच्या छापखान्यांत तें सबंध शास्त्र १९२४ सालीं छापून झालें. जिनें लहानपणीं अर्थावांचून चाललेलें वाचन पाहिलें, आणि जिच्या हातीं पहिलें शास्त्र मनास न भिडणाऱ्या भाषेंत आलें, तिनें आपलीं शेवटचीं वर्षें खेड्यांतल्या बाईच्या कानास कळेल असें वचन तयार करण्यांत खर्चिलीं. ज्याचें स्वतःचें अंतःकरण वचनानें उघडलें, त्यासच दुसऱ्याच्या कानाची इतकी कळकळ वाटते.

४. सांगणाऱ्या बंधूंस

उपदेशक बंधूंनो, या गोष्टीचा तुमच्या कामाशीं निकट संबंध आहे. नहेम्याच्या आठव्या अध्यायांत पाणीवेशीपुढील चौकांत एज्रा शास्त्र्यानें सकाळपासून दोन प्रहरपर्यंत नियमशास्त्र वाचिलें असें सांगितलें आहे. त्या ठिकाणीं तीन गोष्टी घडल्या: वाचन स्पष्ट झालें, अर्थ सांगितला गेला, आणि लोकांस तो समजला. त्यानंतर लोक रडले, आणि त्यानंतर आनंदही झाला. आमच्या कित्येक उपासनांत वाचन घाईनें उरकून उपदेश लांबविला जातो. बंधूंनो, उपदेश तुमचा आहे, वाचन देवाचें आहे. जो अध्याय वाचावयाचा तो शनिवारीं तीनदां मोठ्यानें वाचून पाहा. अवघड शब्द आला तर त्यास गांवांत काय म्हणतात तें शोधून ठेवा. हळू वाचा, आणि मागच्या रांगेंतल्या म्हातारीस ऐकूं येईल असें वाचा.

फिलिप्पाची रीतही शिकण्याजोगी आहे. गाझ्याच्या वाटेवर तो कूशी अधिकारी रथांत बसून मोठ्यानें वाचीत होता, म्हणून फिलिप्पास तें ऐकूं आलें. फिलिप्पानें पहिल्याच वाक्याला उपदेश सुरू केला नाहीं. जें वाचीत आहां तें समजतें काय, असें त्यानें विचारिलें. नंतर जेथें त्या मनुष्याची शंका होती तेथूनच आरंभ करून त्यास येशूपर्यंत नेलें. घरोघरीं जातांना आपणही प्रथम विचारावें, आणि ऐकूनही घ्यावें. जो ऐकत नाहीं त्याचें लोक फार वेळ ऐकत नाहींत.

तिसरी गोष्ट सर्वांत जड आहे. सूखारच्या लोकांनीं त्या बाईस, आतां तुझ्या बोलण्यावर आमचा विश्वास नाहीं, असें तोंडावर सांगितलें. हा तिचा अपमान नव्हता. ही तिच्या कामाची पावती होती. उपदेशकास गांवांत मान असतो. तंटे त्याच्याकडे येतात. लग्न, मरण, आजार, सर्व कांहीं त्याला विचारून चालतें. अशा वेळीं लोकांचा विश्वास आपल्यावरच टेकलेला राहावा, अशी गोड भूल मनास पडते. मग त्या उपदेशकाची बदली झाली कीं मंडळी बसते. ज्याच्या जाण्यानें मंडळी बसली नाहीं, ज्याच्या मागें लोकांनीं, आम्हीं प्रभूचें स्वतः ऐकिलें आहे, असें म्हटलें, त्याचें काम टिकलें असें समजावें.

आणि हॅस्लमसाहेबांची गोष्ट आपण सर्व वचनसेवकांनीं, पाळकांनीं तर विशेषच, मनांत बाळगावी. पाण्याचा पाट शेताला पाणी नेतो; पण पाट स्वतः कोरडा असेल तर नेणार काय?

५. ऐकणाऱ्या भावाबहिणींस

आतां ऐकणारांनीं काय करावें? फिलिप्पै शहरीं नदीकांठीं बसलेल्या बायकांत लुदिया नांवाची एक जांभळें विकणारी बाई होती. ती ऐकत होती, आणि प्रभूनें तिचें अंतःकरण उघडिलें, असें शास्त्र म्हणतें. ऐकणें तिचें, उघडणें प्रभूचें. अंतःकरण उघडणें आपल्या हातीं नाहीं. पण नदीकांठीं जाऊन बसणें आपल्या हातीं आहे. म्हणून उपासनेस निघतांना वाटेवर एवढेंच मागा कीं, "प्रभो, आज जें वाचलें जाईल त्यांत माझ्या नांवाचें काय आहे तें मला ऐकूं दे."

वाचन चालूं असतां एक वाक्य धरून ठेवा. सगळें लक्षांत राहत नाहीं म्हणून दुःख करूं नका. पदरांत मावेल तेवढेंच न्यावें, पण सांडूं नये. संध्याकाळीं जेवतांना घरांतल्यांनीं एकमेकांस विचारावें, "आज तुझ्या हातीं काय लागलें?" मुलांस शाळेंत वाचतां येऊं लागलें असेल तर त्यांजकडून तोच उतारा आजीला वाचून दाखवावा. आजकाल खिशांतल्या मोबाईलवरही शास्त्र वाचलेलें ऐकूं येतें. तें साधन चांगलें आहे, परंतु तें कामाच्या गडबडींत मागें चालूं ठेवावयाचें गाणें नव्हे.

आणि शेवटीं, उत्तर द्या. पत्र ऐकून आई नुसती उठून जात नसे. "लिहा, मास्तर," म्हणून उत्तर सांगे. वचनास दिलेलें उत्तर म्हणजेच विश्वास. वचन म्हणतें, तूं पापी आहेस. आपण म्हणावें, होय प्रभो, मीच तो. वचन म्हणतें, ख्रिस्त पाप्यांकरितां मेला; आपण म्हणावें, म्हणजे माझ्याकरितां. वचन म्हणतें, उठ आणि माझ्यामागें ये, आपण उठावें. शेजाऱ्याचा बुडविलेला पैसा परत करण्यास उठावें, भावाशीं धरलेला अबोला सोडण्यास उठावें, बाटली टाकण्यास उठावें. ज्या वचनानें पाय उठले नाहींत तें अजून कानांतच आहे असें समजावें.

कोणी म्हणेल, "मी पुष्कळ वर्षें ऐकतों आहें, पण मला अजून कांहीं झालें नाहीं." बंधो, निराश होऊं नको, आणि वेशींत आलास म्हणून घरीं पोहोंचलों असेंही समजूं नको. जें पुस्तक मनास भिडलें नाहीं तेंही रमाबाईंनीं टाकिलें नाहीं. तूंही वचन टाकूं नको. आणि उद्यांवरही टाकूं नको, कारण उद्यांचा दिवस आपणांपैकीं कोणास कबूल केलेला नाहीं.

सूखारच्या लोकांचें बोलणें पुन्हां एकदां ध्यानांत आणा. त्यांतील प्रत्येकानें स्वतःच्या कानानें ऐकिलें, तथापि बोलतांना ते "मी" म्हणाले नाहींत; ते "आम्ही" म्हणाले. विश्वास ज्याचा त्याचा असला तरी तो माणसास एकटें पाडीत नाहीं. आजोबांचा विश्वास नातवाला वारशानें मिळत नाहीं हें खरें. पण नातवानें स्वतः ऐकिलें म्हणजे तो आजोबांच्याच ओळींत जाऊन बसतो, आणि मग दोघे मिळून एकच साक्ष देतात. आपल्या गांवोगांवच्या मंडळ्यांत अशी साक्ष देणारीं माणसें प्रभु वाढवो. सांगणारांस आधीं ऐकणारे करो. आणि ज्या वचनानें सूखार गांव जागें झालें तेंच वचन आपल्या कानांतून अंतःकरणांत उतरवो. आमेन.